सुतळीआत्याचा संशयाचा पट

सुतळीआत्याला गोदामातून हाकललं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सांगायची तऱ्हा तेवढी प्रत्येकाची निराळी. साबणाच्या दुकानातली मावशी आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घ्यायची, मग आवाज इतका खाली उतरवायची की ऐकणाऱ्याने जवळजवळ गल्ल्यावर आडवं व्हावं, आणि म्हणायची, "मी कुणाबद्दल काही बोलत नाही हं, माझा स्वभावच नाही तो. पण पोती उघडायची ती. माल काढायचा आणि वरून असं शिवून ठेवायचं की बापजन्मात कळू नये." वायरमनला कुठलंच वाक्य पुरं करायची सवय नव्हती. तो शिडीवरूनच सांगायचा, "हात जरा लांब हो तिचा... शेठनं बघितलं एकदा... ती पक्कड दे गं खालची." रेडिओची आई तर तोंडाने काहीच सांगायची नाही. फक्त डावी भुवई वर करायची आणि पुन्हा कांदा चिरायला लागायची. त्या एका भुवईत चोरी, पंचनामा आणि निकाल, सगळं उरकलेलं असायचं.

रेडिओला शाळेत एक नाव होतं, पण गल्लीने ते कधीच मोडीत काढलं होतं. सोळा वर्षांची ही पोरगी सकाळी ऐकलेला आवाज संध्याकाळी जिन्यात वाजवून दाखवायची आणि जिना पोट धरून हसायचा. आत्याची भानगड तिच्याकडे तिन्ही आवाजांत तयार होती, भुवईसकट. खुद्द आत्याचा आवाज मात्र नव्हता. आत्या बोलायचीच कमी, आणि जे बोलायची ते दाभणात सुतळी ओवता ओवता, ओठ मिटून, अर्धं नाकातून. एवढ्या नामांकित चोरणीचा आवाज आपल्याकडे नसावा हे रेडिओला फारच लागलं. म्हणून एका शनिवारी दुपारी ती वाचनालयाचा जिना चढली. आत्या तिथे पोरांना कसला तरी खेळ शिकवते असं ऐकलं होतं. कसला, ते कुणी धड सांगत नव्हतं, म्हणजे नक्कीच काहीतरी असणार.

वाचनालय जुन्या गोदामांच्या रस्त्यावर होतं. खाली आता मोबाइलची कव्हरं आणि चष्मे विकणारी काचेची दुकानं आली होती, पण वरच्या मजल्यावर तीच जाळीची कपाटं, तोच डिंकाचा वास आणि फिरताना दर फेरीला टक् करणारा पंखा. मधल्या लांब टेबलावर गोणपाटाचा मोठा तुकडा पसरलेला. त्यावर ऑइलपेंटने हाच रस्ता काढलेला, पण जुना: एका टोकाला नदीचा धक्का, मग अडत्याची ओसरी, गाडीतळ, मोठा काटा आणि दुसऱ्या टोकाला पेढी. पटाभोवती पाचसहा पोरं एकमेकांकडे अशी बघत बसली होती की जणू सगळ्यांची सायकल एकदमच चोरीला गेलीय. टेबलाच्या शेवटाला आत्या. उंच, हाडकुळी, उजव्या तळव्याला चामड्याची पट्टी बांधलेली, आणि खिशातून सुतळीचं टोक लोंबतंय.

रेडिओने आपला सर्वांत निरागस आवाज काढला आणि विचारलं, की आत्या, तुम्ही गोदामात काय करायच्या. पोती शिवायचे, आत्या म्हणाली. आणि उघडायच्या पण का, असं रेडिओने सहज विचारावं तसं विचारलं. पंख्याची टक् ऐकू आली. पलीकडे ग्रंथपालताईंच्या हातातला शिक्का हवेतच थांबला.

"उघडायचे की," आत्या म्हणाली. "शिवणाऱ्या पुष्कळ होत्या. उघडायला मी एकटीच."

म्हणजे अफवेतलं अर्धं खरं निघालं, आणि बाकीचं अर्धं गल्लीला कधी सुचलंच नसतं. आत्याने दाभण खाली ठेवून जे सांगितलं ते असं. त्या रस्त्यावर माल बंद पोत्यातून यायचा आणि बंद पोत्यातूनच पुढे जायचा. प्रत्येक पेढीचा पोत्याचं तोंड शिवायचा टाका वेगळा. कुणी तिरपा घालायचं, कुणी दुहेरी, कुणी तिसऱ्या टाक्याला गाठ मारायचं. हा टाका म्हणजेच पेढीची सही. आता आलेल्या पोत्यात तळाला वाळू तर नाही ना, ही शंका प्रत्येक शेठला यायचीच. पण विकणाऱ्यासमोर पोतं फाडून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. मग तो उठून जाणार आणि पुन्हा वर्षानुवर्षं माल देणार नाही. म्हणून समोर हसत हसत चहा व्हायचा आणि मागच्या खोलीत आत्या पोतं उघडायची. हात घालून तळ बघायचा, आणि तोंड पुन्हा त्याच माणसाच्या टाक्यात शिवून टाकायचं, की जणू कुणी हातही लावला नाही.

"आणि त्या लोकांना कळायचं नाही?" एका पोराने विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं, आत्या म्हणाली. प्रत्येक पेढीकडे उघडणारं माणूस होतंच. पण टाका जागेवर असला की सगळ्यांचा मान जागेवर. आणि हाकललं म्हणाल तर तिला कुणी हाकललं नव्हतं. गोदामं हमरस्त्याकडे गेली, पोती प्लास्टिकची झाली, तोंडं यंत्र शिवायला लागलं. यंत्राचा टाका इथून तिथून सारखा, त्यात ओळखायचं काय आणि नकलायचं काय? शेवटच्या दिवशी शेठने स्वतः चहा मागवला. तो चहा आत्याने आधी हुंगला आणि मगच प्यायला, एवढी तिला कामाची सवय लागली होती.

रेडिओ घरी गेली ती जिन्यात न थांबता. आवाज मिळाला होता, पण त्याहून भारी काहीतरी हाताला लागलं होतं. ही बाई आपल्यासारखीच नकला करायची, आणि तेही पगारावर. जिन्यात नकला करून रेडिओला आजवर फक्त धपाटे मिळाले होते.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली, आणि मग जातच राहिली.

खेळ कसा सुरू झाला ते ग्रंथपालताईंनी सांगितलं. ताई रस्त्यावरही कुजबुजतच बोलायच्या, त्यामुळे त्या काहीही सांगत असल्या तरी कुणाचं तरी गुपित फोडतायत असं वाटायचं. वाचनालयाने एकदा जुन्या व्यापाराचं प्रदर्शन भरवलं. आत्याने आपलं दाभण, चामड्याची पट्टी आणि एक शिवलेलं पोतं आणून काचेच्या पेटीत ठेवलं. शाळाच्या शाळा आल्या आणि त्या पेटीसमोरून चालत गेल्या. एक मुलगा थांबला, त्याने काचेत बघून केस नीट केले आणि तोही गेला. आत्या कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. दुसऱ्याच दिवशी तिने पेटीतून पोतं काढलं, फाडलं आणि त्याच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवायला घेतल्या.

खेळ सांगायला सोपा होता. धक्क्यावरचा व्यापारी पिशवीत बिया भरतो आणि सगळ्यांसमोर तोंड शिवतो. फासे पडतील तशी पिशवी पटावरून पुढे सरकते. ती ज्याच्या ठिकाणी थांबेल त्याने पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचं. तिथे नुसतं बसून आलं तरी चालतं, किंवा पिशवी उघडून बियांच्या जागी खडे भरावेत आणि तोंड पुन्हा होतं तसं शिवावं. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंतच वेळ. पिशवी पेढीवर पोचली की तिथला माणूस ती हातात घेतो, फिरवतो, आणि एक तर मुकाट घेतो नाही तर म्हणतो, संशय. संशय खरा निघाला तर चोर गेला. खोटा निघाला तर पेढीवाल्याने एका भल्या माणसाचा अपमान केला, तो खेळातून बाद.

हे खेळताना पोरांना जे कळत होतं ते शाळेच्या सहलीत कधी कळलं नसतं. पोत्याच्या दोन कोपऱ्यांना कान का ठेवायचे, तर हमालाला धरायला. अडत्या मध्ये का बसायचा, तर दोन माणसांना एकमेकांशी खोटं बोलायची लाज वाटते, तिसऱ्यामार्फत वाटत नाही. एकजण घरी जाऊन आजोबांना विचारून आला, की मोठा काटा नेमका कुठे होता, आणि तिथे आता आइस्क्रीमचं दुकान आहे हे ऐकून सगळी फौज तिकडे फरशी बघायला गेली. आइस्क्रीमवाल्याला वाटलं, ही पोरं काहीतरी उचलायला आलीत. तो त्यांच्या हातांकडेच बघत राहिला आणि पोरांना ते फार आवडलं.

आत्या पेढीवर बसली की मात्र खेळ संपल्यातच जमा. ती कधीच चुकायची नाही. पिशवी घ्यायची, अंगठा एकदा तोंडावरून फिरवायचा, आणि ही स्वच्छ, ही उघडलीय. बास.

रेडिओला हे पटेना. कुणी एवढं बरोबर असूच शकत नाही, यात काहीतरी काळंबेरं आहे. तिने पिशव्या उजेडात धरून बघितल्या, कुठे रंगाचा ठिपका आहे का, कुठे धागा वेगळा आहे का. आत्याच्या समोरच्या खिडकीच्या काचेत आडोशामागचं दिसतं का, हे तिने स्वतः त्या खुर्चीत बसून तपासलं. तिथून फक्त जुन्या मासिकांचे गठ्ठे दिसत होते. मग तिला ग्रंथपालताईंच्या खोकल्याचा संशय आला. दोन वेळा खोकल्या की उघडलेली, एकदा की स्वच्छ. एक अख्खी दुपार तिने खोकले ऐकण्यात घालवली आणि एवढंच कळलं की ताईंना जुन्या पुस्तकांची धूळ सोसत नाही. शेवटी एका शनिवारी सगळे गेल्यावर तिने सरळ आत्यालाच धरलं.

"तुम्ही पिशव्यांना खुणा करता."

"शोध की मग," आत्या म्हणाली.

"शोधल्या. नाही सापडल्या."

"म्हणजे मी करते हे पक्कंच झालं."

रेडिओचं तोंड एवढंएवढंसं झालं, पण माघार घेईल ती रेडिओ कसली. ती म्हणाली, की येत्या शनिवारी मी तुमचा टाका घालणार. तुम्ही शिवलेली पिशवी उघडणार, तुमच्याच हाताने शिवल्यासारखी बंद करणार, आणि तुम्ही ती मुकाट घेणार. नाही घेतली तर तुम्ही म्हणाल ते. आत्याने तिच्याकडे जरा वेळ बघितलं, जणू तिच्याही तळाला वाळू आहे का ते बघतेय, आणि एकच शब्द म्हणाली: रखवालदार.

रखवालदार ही त्या पटावरची सगळ्यात रडकी जागा. गोदामाच्या दारापाशी बसायचं, हातात काठी घ्यायची, सगळं बघायचं आणि खेळ संपेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. ती जागा घ्यायला कुणी तयारच नसायचं, म्हणून तिथे बहुतेक वेळा एक खोडरबर ठेवलेलं असे. एवढंच ना, म्हणून रेडिओने टाळी दिली. हरलं तर पावसाळाभर रखवालदार, जिंकलं तर आत्याने खुणा कुठे करते ते सांगायचं.

त्या आठवड्यात रेडिओच्या घरी वेगळीच शंका उभी राहिली. पोरगी खोलीचं दार लावून शिवतेय, असं आईच्या लक्षात आलं. आजवर या मुलीने शर्टाचं बटणसुद्धा लावलं नव्हतं. आईने भुवई वर केली, मग दुसरीही केली, आणि शेवटी कपाटातले सगळे कपडे काढून कुठे काय फाटलंय ते बघितलं. काहीच फाटलेलं नव्हतं, त्यामुळे ती जास्तच काळजीत पडली. रेडिओ आतमध्ये आत्याची पिशवी समोर ठेवून तिचा टाका गिरवत होती. डावीकडून उजवीकडे जरा उतरता, चौथ्या टाक्याला दोरा किंचित ओढलेला, शेवटी गाठ आतल्या अंगाला. बोटं सुजली, पण टाका आला. एकेक टाका असा, की आत्याच बोलतेय असं वाटावं.

इकडे दुसरंच काहीतरी शिजत होतं. त्या पोरांतल्या जुळ्या भावांनी घरात एक उद्योग केला. पाहुण्यांसाठी आणलेला बिस्किटांचा बंद डबा उघडला, खालचा थर खाल्ला, तिथे कागदाचे बोळे भरले आणि वरची चिकटपट्टी पुन्हा जशीच्या तशी लावून टाकली. पाहुण्यांनी वरचा थर संपवला आणि मग एका काकूंनी अगदी नाजूकपणे कागदाचा बोळा उचलला. जुळ्यांची आई सरळ वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेली. मी सांगून ठेवते, ती म्हणाली, आणि पुढे जवळजवळ अर्धा तास सांगून ठेवत होती. ती बाई पोरांना चोऱ्या शिकवते. मुळात तिचाच इतिहास काय आहे ते साऱ्या गल्लीला विचारा.

अध्यक्षकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर खोट्या आगी आणि खोटे अपघात तपासल्यामुळे ते कुणी नमस्कार केला तरी आधी कारण शोधायचे. त्यांनी निरोप धाडला की येत्या शनिवारी आपण स्वतः येऊन बघू, आणि योग्य वाटलं नाही तर टेबल त्याच दिवशी मिटेल. ग्रंथपालताईंनी हे आत्याला सांगितलं तेव्हा त्या नेहमीपेक्षाही हळू बोलल्या. आत्या पुतण्याच्या घरी एका खोलीत राहायची. तिथे हा पट पसरला तर माणसांना उभं राहायला जागा नव्हती. या टेबलाशिवाय तो पट पुन्हा उघडणार नव्हता, आणि तिच्या हातात जे होतं ते या पोरांपलीकडे कुणाला नको होतं.

शनिवार उजाडला. अध्यक्षकाका आले, जुळ्यांची आई आली, मागून मान खाली घालून जुळे आले. काकांनी आधी खोली बघितली, मग पट, मग टेबलाखाली. "म्हणजे हा प्रकार नेमका कधीपासून चालू आहे, असं आपलं म्हणणं?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, बसा, खेळा, मग विचारा. पाहुण्यांना शिवता यायचं नाही म्हणून तिने त्या दिवशी सगळ्या पिशव्या आधीच स्वतः शिवून ठेवल्या होत्या. धक्क्यावर ग्रंथपालताई बसल्या. मग अडत्या म्हणून रेडिओ, गाडीवाला म्हणून अध्यक्षकाका, काट्यावर जुळ्यांची आई, आणि पेढीवर आत्या. जुळे हमाल झाले, त्यांनी फासे टाकायचे आणि माल सरकवायचा.

पिशव्या एकामागून एक निघाल्या. रेडिओ आडोशामागे गेली, आणि तिची बोटं तिच्याआधीच कामाला लागली. टाके उसवले, बिया खिशात, खडे आत, आणि उतरता टाका, उतरता टाका, चौथा ओढलेला, गाठ आतून. वाळू संपायच्या आत पिशवी पटावर. तिने लांबून बघितली आणि तिची तिलाच ओळखू येईना. जिंकलोच, असं तिला वाटलं.

मग दुसरी एक पिशवी गाडीतळावर थांबली. अध्यक्षकाका म्हणाले, की आम्ही असलं काही करणार नाही, आम्ही फक्त बघायला आलोय. तरी नियम म्हणून आडोशामागे गेले. मग पुठ्ठा हलला. मग दाभण खाली पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक असा शब्द, जो विम्याच्या कुठल्याही अर्जात बसत नाही. काका बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहरा अगदी सज्जन. जुळ्यांच्या आईने पिशवी काट्यावर घेतली. वळवून बघितली. तिचे डोळे बारीक झाले.

"याचा कान कुठे गेला?" ती म्हणाली.

काकांनी घाईत कोपऱ्याचा कानही तोंडासोबत शिवून टाकला होता. हमाल झालेला धाकटा जुळा म्हणाला, की असं पोतं आता धरायचं कुठे. काकांनी पुरावा मागितला. तेव्हा तिने त्यांच्या बाहीच्या बटणात अडकलेलं सुतळीचं टोक दोन बोटांनी ओढून सगळ्यांना दाखवलं, हळू, जणू मेलेला उंदीर दाखवतेय. पोरं टेबलावर डोकी ठेवून हसत होती. ती मात्र हसली नाही, तिला आता रंग चढला होता. एवढी वर्षं घरात दोन दोन पोरांवर नजर ठेवून तिची जी कमाई झाली होती ती प्रथमच कुठेतरी कामाला आली होती.

म्हणूनच की काय, तिने मुद्द्याला हात घातला. चोर तयार होतात हे दिसलं, ती म्हणाली, अगदी वयस्कर माणसंसुद्धा होतात. पण पकडणारं कोण? ही बाई खरंच ओळखते, की नुसताच बोलबाला? काकांना तेवढ्यात आपल्या बाहीवरून विषय हलवायचाच होता. ते म्हणाले, योग्य मुद्दा. या बाई आता आमच्यासमोर सगळ्या पिशव्या तपासतील. एक जरी चुकली, तर हा चोऱ्या शिकवायचाच प्रकार, आणि टेबल मिटेल.

पटावर रेडिओची पिशवी बाकीच्यांत मिसळून पडली होती, आणि ती खरंच सुरेख शिवलेली होती. आत्याने ती मुकाट घेतली तर रेडिओ पैज जिंकणार होती, आणि टेबल जाणार होतं. आता बोलावं तर कसं बोलावं? मी उघडलीय म्हणून सांगितलं तर काका म्हणणार, बघा, हिने सांगितलं म्हणून कळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला मनापासून हरायचं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी तिने काम उत्तम केलं होतं.

आत्याने पिशव्या घ्यायला सुरुवात केली. अंगठा तोंडावरून फिरला, ही स्वच्छ. पुढची. ही स्वच्छ. काकांची तर तिने हातातही घेतली नाही, नुसती दोन बोटांनी बाजूला सरकवली. मग रेडिओची पिशवी. अंगठा फिरला. थांबला का? नाही, थांबला नाही. आत्याने ती स्वच्छ पिशव्यांमध्ये ठेवली आणि हात झटकले.

संपलं, रेडिओला वाटलं. तिने खाली मान घातली. पंखा टक् टक् करत राहिला.

"झालं?" काकांनी विचारलं. "मग आता सगळ्या उघडू."

"थांबा," आत्या म्हणाली. तिने हात लांब केला, रेडिओची पिशवी ढिगातून पुन्हा उचलली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. "ही उघडलीय."

काका म्हणाले, आत्ताच तर तुम्ही ती स्वच्छ म्हणून ठेवलीत, हे कसं चालेल. आत्या म्हणाली, ठेवली, पण स्वच्छ म्हणाले का? गोदामात हीच पद्धत होती. पोतं उघडलेलं आहे हे कळलं तरी बोलायचं नाही. ते गुपचूप जागेवर ठेवायचं आणि माणसं बघायची. ज्याने उघडलं तो सुटलो म्हणून श्वास सोडतो. टाक्यावरून चोरी कळते, चोर श्वासावरून.

काकांनी दाभणाने पिशवीचं तोंड उसवलं. टेबलावर खडे घरंगळले. जुळ्यांच्या आईने ते एकेक उचलून बघितले, मग स्वच्छ ठरलेल्या बाकीच्या पिशव्याही स्वतः उघडल्या, कारण कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवणं तिच्यात बसत नव्हतं. सगळीकडे बियाच निघाल्या.

"पण टाका तर तुमचाच होता," रेडिओ म्हणाली. तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

"माझा होता. माझ्यापेक्षा जास्त माझा होता," आत्या म्हणाली. "मी एवढ्या पिशव्या शिवल्या सकाळपासून. मध्येच मला कंटाळा येतो गं, एखादा टाका ढिला सुटतो. तू सगळे टाके उचललेस, कंटाळा उचलायचा राहिला." मग तिने डोळे बारीक केले. "टाका तुझा, हे तर लगेच कळलं. पण पिशवी ढिगात ठेवली तेव्हा तुला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. तुझा तर चेहराच उतरला. जिंकताना कुणी रडवेलं होतं का? मी म्हटलं, ही कार्टी आणखी काहीतरी लपवतेय."

रेडिओने खरं कारण सांगितलं असतं तरी आत्याने विश्वास ठेवला नसता. आजही आत्याची समजूत अशीच आहे, की त्या दिवशी रेडिओच्या दुसऱ्या खिशात काहीतरी होतं.

अध्यक्षकाकांनी निकाल दिला नाही. विमावाले कधीच एकदम देत नाहीत. ते म्हणाले, समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत टेबल राहू द्या, एवढ्या एका प्रसंगावरून मत बनवणं योग्य नाही. आणि चौकशी पूर्ण व्हावी म्हणून पुढच्या शनिवारी आपण पुन्हा येऊ, गाडीवाल्याचीच जागा ठेवा. जुळ्यांच्या आईने सांगून ठेवलं, की हे येणार असतील तर काट्यावर मीच. त्यानंतरच्या दोन बैठका काका या ना त्या कारणाने पुढे ढकलत आलेत. त्यांना अजून एकही पिशवी कान मोकळे ठेवून नीट शिवता आलेली नाही, असं ग्रंथपालताई कुजबुजतात. साबणवाली मावशी आता म्हणते, की मी आधीच सांगत होते, बाई फार हुशार. आवाज मात्र तेवढाच खाली.

आणि रेडिओ रखवालदार झाली. खोडरबर उचलून त्या जागी बसली, काठी घेऊन, ओठ घट्ट मिटून. समोर काका पुरावे मागतायत, आडोशामागे पुटपुटतायत, जुळ्यांची आई प्रत्येकाला सांगून ठेवतेय, आणि हे सगळं ताजं ताजं ऐकून एका शब्दानेही वाजवून दाखवायचं नाही, म्हणजे तिच्या जिवाचं काय होत असेल ते तिलाच ठाऊक. पहिल्याच दुपारी आत्याने तिच्याकडे बघितलं. दाभण खाली ठेवलं. मान जराशी डावीकडे कलली, डोळे गोल झाले, आणि आत्याच्या तोंडून रेडिओचा आवाज आला, शेवटी वर जाणाऱ्या त्या निरागस सुरासकट: "अय्या, मी? मी तर नुसती बघायला आले होते." मध्ये एक अडखळसुद्धा होती, जी रेडिओला स्वतःची आहे हे तोवर माहीत नव्हतं. जुळे खुर्चीवरून खाली आले. काकांना ठसका लागला.

रेडिओने खदखदून हसायला तोंड उघडलं, तर आत्या दाभण उचलत म्हणाली, की रखवालदाराला हसायलाही मनाई असते. हा नियम तिने त्याच क्षणी बनवला, असा रेडिओला दाट संशय आहे. पण विचारणार कसं?